कास्त्रातो गायक आणि त्यांचीं पडद्यावरील चित्रें

ज्या आवाजानें दोन-अडीचशें वर्षें युरोपांतील राजसभा, देवालयें आणि नाट्यगृहें भारून टाकलीं, तो आवाज आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि ऐकूं येत नाहीं. संगीताच्या इतिहासांत वाद्यें मागें पडतात, गायनाच्या पद्धति बदलतात. परंतु मनुष्याच्या कंठाचा एक संपूर्ण प्रकारच नाहींसा व्हावा, आणि तो पुन्हा कधीं उत्पन्न होऊं नये अशीच कोणाहि विचारी माणसानें इच्छा करावी, असें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. इटलींतील कास्त्रातो गायकांचा हा आवाज होय. कास्त्रातो म्हणजे लहानपणीं, आवाज फुटण्यापूर्वींच, वृषणें छेदून किंवा निकामी करून ज्याचा बालस्वर कायम ठेवला गेला असा पुरुष गायक.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या गायकांविषयीं बोलपट निघाले, माहितीपट निघाले, आणि ते आतां घरबसल्या पाहावयास मिळूं लागले आहेत. ज्यांनीं पाश्चात्य संगीताचा इतिहास कधीं उघडून पाहिला नाहीं अशा पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत कास्त्रातोची पहिली ओळख पडद्यावरच होते. विषय विस्मृतींतून वर काढल्याबद्दल या चित्रांचे आभारच मानले पाहिजेत. तथापि तीं पाहतांना एक गोष्ट आमच्या मनाला खटकत आली आहे. तीं सुरी दाखवितात आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकवितात. परंतु या दोहोंच्या मधलीं दहा वर्षें, आणि त्या टाळ्या वाजविणारे हात, हीं बहुधा अंधारांत राहतात. असें कां होतें आणि त्यामुळें इतिहासाचें काय नुकसान होतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रथेचा उगम रंगभूमीवर नव्हे, देवळांत झाला. संत पॉलच्या पत्रांतील एका वचनाच्या आधारें रोमन चर्चनें उपासनेच्या गायनांतून स्त्रियांस वगळलें होतें. पण अनेक स्वरांच्या मेळांतील वरच्या सुरांची जागा कोणी तरी भरलीच पाहिजे. ती मुलांकडून भरावी, तर मुलगा शिकून तयार होतो न होतो तोंच त्याचा आवाज फुटे. खोटा आवाज लावून उंच गाणारे स्पॅनिश गायक पोपच्या गायकवृंदांत होते. पण हळूहळू त्यांची जागा दुसऱ्याच प्रकारच्या गायकांनीं घेतली. १५८९ सालीं पांचव्या सिक्स्टस पोपनें सेंट पीटरच्या गायकवृंदाची पुनर्घटना केली, तींत कास्त्रातोंना स्थान मिळालें. आणि १५९९ सालीं फोलिन्यातो व रोसिनी हे दोन इटालियन कास्त्रातो खुद्द सिस्टाइन चॅपेलच्या वृंदांत दाखल झाले. १६०७ सालीं मांतुआ येथें मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ झाला, तेव्हां त्यांतहि कास्त्रातो गायक होता. पुढें रोममध्यें स्त्रियांस नाट्यगृहांतहि बंदी असल्यामुळें तेथील नायिकांचीं कामेंहि यांच्याकडेच गेलीं.

आवाजाचें शास्त्र थोडक्यांत असें आहे. मुलगा वयांत येतांना वृषणांतील स्रावामुळें त्याचें स्वरयंत्र वाढतें, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. कास्त्रातोच्या बाबतींत हें घडतच नसे. तंतू आंखूड राहत. परंतु छाती, फुप्फुसें, घसा आणि तोंडाची पोकळी हीं मात्र वाढत जात. हाडांची लांबी वाढण्याचें वेळेवर थांबतें तेंहि त्याच स्रावांच्या योगानें. म्हणून यांच्यापैकीं कित्येक उंच व लांब हातापायांचे होत. या मंडळींतील सर्वांत विख्यात जो फारिनेल्ली, त्याचे अवशेष २००६ सालीं बोलोन्या येथें उकरून तपासण्यांत आले. तो सत्त्याहत्तराव्या वर्षीं वारला असूनहि त्याच्या हाडांवर वाढीच्या सांध्यांच्या खुणा पुर्‍या बुजलेल्या नव्हत्या. एकूण काय, तंतू मुलाचे आणि दमसास धिप्पाड प्रौढाचा, असा हा योग होता.

आतां सुरीचा प्रश्न. माहितीपटांत अंधारी खोली, गरम पाण्याचें भांडें आणि भेदरलेला मुलगा हें दृश्य बहुधा असतेंच. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याविषयीं निश्चित माहिती फार थोडी आहे, आणि याचें कारणच खरें बोधप्रद आहे. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतेतिहासकार १७७० सालीं इटलींत हिंडला, तेव्हां ही शस्त्रक्रिया कोणत्या गांवीं होते याची त्यानें चौकशी केली. मिलानमध्यें त्याला व्हेनिसचें नांव सांगण्यांत आलें, व्हेनिसमध्यें बोलोन्याचें. बोलोन्यानें कानांवर हात ठेवून फ्लॉरेन्सकडे बोट दाखविलें, फ्लॉरेन्सनें रोमकडे, आणि रोमनें नेपल्सकडे! कृत्य कायद्यानें निषिद्ध होतें; म्हणून घोड्यावरून पडल्याची किंवा रानडुकरानें चावल्याची सबब सांगण्याची वहिवाट होती. आवाज सर्वांना हवा होता, आणि कृत्याची जबाबदारी मात्र नेहमींच पलीकडच्या गांवची होती. दरसाल अमुक हजार मुलांवर हा प्रयोग होई, असे आंकडे पडद्यावर मोठ्या आत्मविश्वासानें सांगितले जातात. जें कृत्य प्रत्येक गांव नाकारीत होतें त्याची खानेसुमारी कोणी ठेवली असेल, ही कल्पनाच विसंगत आहे. मुलगा गाऊन पैसा मिळवील आणि घर वर काढील या आशेनें पुष्कळ गरीब आईबापांनीं हें केलें असावें. परंतु फारिनेल्लीचा बाप सरकारी अधिकारी होता. तेव्हां केवळ दारिद्र्यावर सगळा भार टाकूनहि भागत नाहीं.

सुरीचें काम कांहीं क्षणांचें. विद्येचें काम वर्षानुवर्षांचें. ही विद्याच पडद्यावर सर्वांत कमी दिसते, आणि आमच्या मतें येथेंच इतिहासाची मोठी हानि होते. स्वतः कास्त्रातो असलेल्या बोंतेम्पीनें १६९५ सालच्या आपल्या संगीतेतिहासांत रोममधील एका गायनशाळेचा दिनक्रम नमूद केला आहे. सकाळीं एक तास कठीण जागांचा अभ्यास, दुसरा आणखी एका प्रकारच्या अलंकाराचा, एक तास वाङ्मयाचा, आणि एक तास गुरूसमोर व आरशासमोर उभें राहून गाण्याचा. कपाळाला आठी पडूं नये, ओठ वेडेवांकडे होऊं नयेत, म्हणून आरसा. दुपारीं शास्त्र, स्वररचना आणि पुन्हा वाचन. एरवीं मुलें गांवाबाहेर जाऊन डोंगराच्या दिशेनें गात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींत स्वतःचे दोष ऐकत. आमच्याकडे खर्जाचा रियाझ करून घेणारे गुरु ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें वर्णन परकें वाटणार नाहीं. एकच सूर अगदीं बारीक लावावा, तो दमादमानें भरीत न्यावा आणि त्याच श्वासांत पुन्हा बारीक करीत विरवून टाकावा, ही त्यांची मुख्य कसोटी असे. असा सूर सुरीनें निर्माण होत नाहीं.

नेपल्समध्यें अशा चार मोठ्या संगीतशाळा होत्या. त्यांपैकीं सांत’ओनोफ्रिओ शाळेंत बर्नी गेला, तेव्हां एकाच खोलींत सात-आठ हार्पसिकॉर्ड व त्याहून अधिक व्हायोलिनें एकाच वेळीं निरनिराळीं गतें वाजवीत होतीं, आणि त्या कोलाहलांत मुलें आपापला पाठ घोकीत होतीं. कास्त्रातो मुलें तेथें सोळा होतीं. त्यांना सर्दी होऊं नये म्हणून वरच्या मजल्यावर, इतर मुलांहून उबदार अशा वेगळ्या खोल्यांत ठेवलेलें होतें. ही तपशिलाची बाब वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस शेवटीं वळावयाचें आहे.

दुसरी एक चुकीची समजूत या चित्रांमुळें दृढ होते, ती ही कीं हे गायक म्हणजे बायकी सोंगें. रोमपुरतें त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या हें खरें. पण एकंदर युरोपांत त्यांची मुख्य भूमिका वीरनायकाची होती. १७२४ सालीं लंडनमध्यें हँडेलच्या ‘जूलिओ चेझारे’ या ऑपेरांत साक्षात् ज्युलिअस सीझरचें काम सेनेसीनो या कास्त्रातोनें केलें. आणि त्याच नाटकांत तरुण सेक्स्टसचें काम एका स्त्रीनें केलें. उंच स्वर म्हणजे तारुण्य, तेज आणि देवत्व, असा त्या काळच्या श्रोत्यांचा संकेत होता; उंच स्वर म्हणजे स्त्रीत्व हा संकेत नंतरचा. विसाव्या शतकांत हे ऑपेरा पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हां सीझर भारदस्त वाटावा म्हणून त्याचीं गाणीं एक सप्तक उतरवून जाड आवाजाच्या पुरुषांस देण्यांत येत. म्हणजे श्रोत्यांच्या कानांस न पटणारा इतिहास त्यांच्या कानांस पटेल असा करून घेतला. पडद्यावरील निवेदक ‘विचित्र’, ‘अनैसर्गिक’ असे शब्द योजतो तेव्हां तोहि हेंच करीत असतो.

मराठी वाचकांस तरी हा मुद्दा समजण्यास अडचण पडूं नये. बालगंधर्वांनीं १९११ च्या ‘मानापमानां’त भामिनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवरां’त रुक्मिणी उभी केली, ती कोणतीहि शारीरिक हानि न सोसतां, आपल्या प्रौढ पुरुषी कंठानें. तेथें नायिकेचा स्वर पुरुषाचा होता, येथें सीझरचा स्वर बालकाच्या पट्टीचा. रसिकाचा कान संकेताला सरावला म्हणजे दोन्ही खरीं वाटतात. रोमच्या रंगभूमीवर पुरुषांनीं केलेल्या स्त्रीभूमिका पाहून जर्मन कवि ग्यॉटे यानें १७८८ सालीं असेंच लिहिलें होतें कीं, तेथील आनंद प्रत्यक्ष वस्तु पाहण्याचा नसून तिचें कलेनें केलेलें अनुकरण पाहण्याचा होता.

आतां फारिनेल्लीकडे वळूं. जेरार कोर्ब्यो यांचा १९९४ चा ‘फारिनेल्ली’ हा माहितीपट नव्हे, कथापट आहे. पण त्यानंतरच्या माहितीपटांवर त्याची छाया पडलेली दिसते, म्हणून त्याचा विचार टाळतां येत नाहीं. त्यांत भावाचा अपराध, शयनगृहांतील प्रसंग आणि हँडेलशीं वैर यांचा पसारा मोठा आहे. कळसाच्या प्रसंगीं नायक जें करुण गीत गातो, तें हँडेलनें १७११ सालीं एका स्त्रीच्या भूमिकेसाठीं रचलेलें होतें. खरा फारिनेल्ली, म्हणजे कार्लो ब्रोस्की, १७०५ सालीं आंद्रिया येथें जन्मला. पोर्पोरा या कठोर गुरूजवळ शिकला. १७३४ पासून तीन वर्षें त्यानें लंडन गाजविलें. आणि १७३७ सालीं, कीर्तीच्या शिखरावर असतां, बत्तिसाव्या वर्षीं सार्वजनिक रंगभूमि सोडून स्पेनच्या दरबारीं गेला. विषण्णतेनें ग्रासलेल्या पांचव्या फिलिप राजाजवळ तो रात्रीमागून रात्र गात असे. पुढें सहाव्या फर्डिनंडच्या कारकीर्दींत त्यानें दरबारच्या नाट्यगृहाचा सारा कारभार पाहिला, १७५० सालीं त्याला कालात्रावाच्या सरदारमंडळाचा मान मिळाला, आणि कवि मेतास्तासिओ त्याला आपला जुळा भाऊ म्हणत असे. उत्तम व्यवस्थापक, निष्ठावंत मित्र आणि मानी गृहस्थ असा हा मनुष्य १७८२ सालीं बोलोन्यास वारला. मनुष्यामध्यें जें जें सुरीनें तोडलें नाहीं तें सर्व येथें आहे. पण त्याचें चित्र पडद्यावर क्वचितच उमटतें.

याच बोलपटांत आवाजाचा प्रश्न मोठ्या कौशल्यानें सोडविला होता. डेरेक ली रॅगिन या पुरुष गायकाचा आणि एवा मालास-गोद्लेव्स्का या पोलिश गायिकेचा आवाज पॅरिसच्या प्रयोगशाळेंत संगणकानें असा कांहीं सांधला कीं ऐकणारास जोड कळूं नये. २००६ सालीं निकोलस क्लॅप्टन यांनीं निवेदन केलेल्या बी.बी.सी.च्या ‘कास्त्रातो’ या माहितीपटांतहि बालकाचा आवाज आणि प्रौढ गायकाचा आवाज यंत्रानें मिसळून हरपलेला स्वर शोधण्याचा प्रयत्न झाला. क्लॅप्टन स्वतः उंच स्वरांत गाणारे आणि या विषयाचे व्यासंगी लेखक आहेत. त्यांचा प्रयत्न प्रामाणिक आहे यांत शंका नाहीं. परंतु या मिश्रणांत पुरुष अधिक स्त्री, किंवा बालक अधिक प्रौढ, एवढीच बेरीज असते. दहा वर्षांचा रियाझ यंत्रांत घालतां येत नाहीं. आमच्याकडे २०११ सालीं ‘बालगंधर्व’ बोलपट निघाला, तेव्हां पडद्यामागून आनंद भाटे गायले. पण तेथें मूळच्या तबकड्या उपलब्ध असल्यामुळें कोणालाहि छाया व वस्तु शेजारीं ठेवून पाहतां येतात. फारिनेल्लीच्या बाबतींत छायेलाच वस्तु समजण्यापलीकडे प्रेक्षकास गति नाहीं.

एका कास्त्रातोचा आवाज मात्र खरोखरच मुद्रित झालेला आहे. आलेस्सांद्रो मोरेस्की १८५८ सालीं जन्मला आणि १८८३ सालीं सिस्टाइन वृंदांत दाखल झाला. १९०२ च्या एप्रिलांत ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गेसबर्ग रोमला गेला, तेव्हां आणि पुन्हा १९०४ सालीं, त्याच्या गाण्याच्या तबकड्या घेण्यांत आल्या. जुन्या तबकड्यांचा शौक असणाऱ्या वाचकांस हें नांव ओळखीचें असेल. याच गेसबर्गनें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. मोरेस्कीची ‘आव्हे मारिया’ ही तबकडी जवळजवळ प्रत्येक माहितीपटाच्या शेवटीं वाजते, आणि ‘हा पाहा तो आवाज’ असें सुचविलें जातें. येथें न्याय होत नाहीं. चाळिशी उलटलेला हा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय, कर्ण्यांत तोंड घालून, नव्या यंत्रापुढें गात होता. त्याची तालीम एकोणिसाव्या शतकांतील देवळांतल्या गाण्याची. फारिनेल्लीच्या तानांची विद्या त्याच्यापर्यंत पोंचेतों रंगभूमीवरून केव्हांच नाहींशी झाली होती. त्याच्या सुरांतील हुंदका ही त्या काळची देवळांतली रीति होती, शरीराच्या दुःखाचा तो आक्रोश नव्हे. कोणी त्या तबकडीला हसतात, कोणी रडतात. गायक म्हणून तिच्याकडे पाहणारे थोडे. १९०३ च्या नोव्हेंबरांत दहाव्या पायस पोपनें वरच्या सुरांसाठीं मुलेंच घ्यावींत असा आदेश काढला. मोरेस्की १९१३ सालीं निवृत्त झाला आणि १९२२ सालीं वारला.

आजच्या काउंटरटेनर गायकांस कास्त्रातोंचे वारस म्हणून दाखविण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द. काउंटरटेनर हा शरीरानें पूर्ण पुरुष असतो. तो स्वरतंतूंच्या कडाच तेवढ्या कंपवून उंच गातो. ही कला स्वतंत्र आणि जुनी आहे. आल्फ्रेड डेलर यानें विसाव्या शतकाच्या मध्यास तिला इंग्लंडांत नवी प्रतिष्ठा दिली, आणि ब्रिटननें १९६० च्या आपल्या ऑपेरांत ओबेरॉनची भूमिका त्याच्यासाठीं लिहिली. व्हिन्चीचा ‘आर्तासेर्से’ हा ऑपेरा १७३० सालीं रोममध्यें झाला तेव्हां स्त्रीबंदीमुळें सर्व भूमिका पुरुषांच्या होत्या. तोच २०१२ सालीं फ्रान्सांतील नांसी येथें पांच काउंटरटेनरांनीं व एका टेनरनें गाऊन दाखविला. फिलिप जारूस्की आणि फ्रांको फाजिओली हे त्यांत होते. एकाहि बालकाला इजा न होतां ते सूर पुन्हा ऐकूं आले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि यांत्रिक मिश्रणापेक्षां मोठी वाटते.

आतां मूळ प्रश्नाकडे. ही प्रथा बंद कशी पडली? कायद्यानें म्हणावें, तर कायदा पहिल्यापासूनच विरुद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्त्रिया सर्वत्र रंगभूमीवर आल्या, नायक टेनरच्या आवाजांत शोभूं लागला, श्रोत्यांची आवड पालटली. १८२५ सालीं वेल्लुती लंडनमध्यें गायला तेव्हां या प्रकाराची नवलाई उरली होती, मागणी उरली नव्हती. रंगभूमीनें मागणें सोडलें तेव्हां रंगभूमीसाठीं मुलें कापणें थांबलें. देवळानें मागणें सोडलें नाहीं, तोंवर तेथें मोरेस्की होते. जें कायद्याच्या धाकानें झालें नाहीं तें श्रोत्यांच्या कानांनीं घडविलें. आणि म्हणूनच जोंवर तें चालू होतें तोंवरची जबाबदारीहि त्या कानांकडेच जाते. माहितीपट बापाला दोष देतात, न्हाव्याला देतात, पोपला देतात. मखमली आसनावर बसून वाहवा देणाऱ्या सुसंस्कृत मंडळीला कोणी जाब विचारीत नाहीं. आणि ‘तो अलौकिक स्वर आज आपण पुन्हा ऐकूं’ असें आमिष दाखविणारें चित्र प्रेक्षकाला त्याच आसनावर नेऊन बसवितें.

बर्नीनें पाहिलेल्या त्या सोळा मुलांचें पुढें काय झालें असेल? बहुतेकांच्या वांट्याला लहानशा गांवच्या देवळांतील वृंद आला असेल, कित्येकांचा आवाज शिकूनहि बेताचाच निघाला असेल. त्यांचीं तैलचित्रें नाहींत आणि तबकड्याहि नाहींत. म्हणून त्यांच्यावर चित्रपट काढणें कठीण आहे हें आम्ही जाणतों. तरीहि सर्दी होऊं नये म्हणून राखलेल्या त्या उबदार खोल्या, तेथें पहांटे चालणारा अभ्यास, आणि ज्यांच्यासाठीं तो चालला होता ते दूरदूरच्या शहरांतील श्रोते, हीं तिन्ही एका चित्रांत दाखविणारा कोणी निघेल, तर या विषयाला प्रथमच न्याय मिळेल. तोंपर्यंत निघालेलीं चित्रें वाचकांनीं अवश्य पाहावींत, मुलांनाहि समजावून सांगत पाहावींत. मात्र शेवटीं ती जुनी तबकडी वाजूं लागली म्हणजे हळहळण्यापूर्वीं क्षणभर त्या वरच्या मजल्याची आठवण करावी, एवढीच आमची विनंति आहे.